अनुभव धागा : शाळेतली गोळी बंद करून दिवसभराची गोळी सुरू केली तेव्हा...

लेक नऊ वर्षांचा, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ). दीड वर्ष मिथाइलफेनिडेटची साधी ५ मिग्रॅची गोळी, दिवसातून तीनदा. तिचा असर जेमतेम चार तास. सकाळची मी द्यायचे, शाळेतून आल्यावरची आबा द्यायचे. घोळ मधल्या गोळीचा. शाळेने हात वर केले, "आम्ही औषध देत नाही." मग रोज साडेदहाला आबा पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी उभे. पोरं विचारायला लागली, "तुझे आजोबा रोज का येतात?" लेकाने आठवड्याभरात गोळी जिभेखाली धरून थुंकायला सुरुवात केली. थुंकलेल्या तीन गोळ्या दप्तराच्या कप्प्यात सापडल्या, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी सकाळी एकदाच घ्यायची १८ मिग्रॅची गोळी दिली. तीन पंचे पंधरा, मग १८ का, हा माझा पहिला प्रश्न. त्यातले ४ मिग्रॅ वरच्या थरात असतात, ते लगेच लागू पडतात. उरलेले १४ आतून हळूहळू दिवसभर झिरपतात, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. शाळेचं गाडं रुळावर आलं. दुपारची भूक मात्र मेली, डबा जसाच्या तसा परत येतो. भेंडीची भाजी, जी तो एरवी कढईतून पळवतो, तीसुद्धा! तुमच्याकडे काय झालं? लिहा.

खारीचा_वाटा : डबा विसरा. गोळीआधी भरपेट नाश्ता (आमच्याकडे तूप-गूळ-पोळी आणि अंडं), आणि रात्री साडेआठला पुन्हा भूक लागते तेव्हा खरं जेवण. वजन-उंची दर तीन महिन्यांनी डॉक्टर बघतात.

ठाणेकर_बाबा : कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितो. चौथ्या दिवशी मुलगी संडासातून ओरडली, "बाबा, गोळी तशीच बाहेर आली!" मी घाबरून दुसरी द्यायला निघालो होतो, बायकोने थांबवलं. औषध आत गेलेलं असतं, बाहेर येतं ते नुसतं टरफल.

मिरपूड : आमची एसआर गोळी होती (तीही हळूहळू औषध सोडणारी). पोराला गिळता येत नव्हती, म्हणून सासूबाईंनी प्रेमाने खलबत्त्यात कुटून वरणभातात कालवली. दिवसभराचं औषध एकदम अंगात! छाती धडधडतेय म्हणून पोरगा रडायला लागला. डॉक्टरांना फोन, मग चार तास त्याच्या उशाशी. सासूबाई अजून स्वतःला दोष देतात, पण चूक माझी, मीच त्यांना सांगितलं नव्हतं. कुटू नका, तोडू नका, चावू देऊ नका.

पंचगंगेकाठी : आमच्याकडे औषधाचं काही नाही, दुकानाचं आहे. एनडीपीएस कायद्यातलं (अमली पदार्थांवरचा कायदा) औषध, त्यामुळे कोल्हापुरात बरेच दुकानदार ठेवतच नाहीत. पट्टी संपायच्या दहा दिवस आधी सांगून ठेवतो.

जर्सीची_आई : आम्ही न्यू जर्सीत. मुलगा लिस्डेक्सअॅम्फेटामिनवर, हे एडीएचडीचंच दुसरं औषध. कॅप्सूल उघडून दह्यात कालवता येते हे मोठं सुख (मिरपूड, तुमच्या गोळीला हे लागू नाही!). पण दर महिन्याला नवं प्रिस्क्रिप्शन, आणि २०२३ मध्ये तुटवडा होता तेव्हा सहा फार्मसींना फोन केले. पुण्याला येताना सगळा साठा, चिठ्ठी आणि मूळ डबी सोबत; हे औषध भारतात मिळत नाही.

उलटा_प्रवास : सगळ्यांनाच जमतं असं नाही. माझी लेक रात्री बारापर्यंत छताकडे बघत पडायची. सहा आठवडे वाट बघितली, मग डॉक्टरांनी परत साधी गोळी दिली, दोनदाच. दुपारची गोळी शाळेतल्या बाई देतात, त्यांच्या पर्समध्ये डबी असते. अशी बाई मिळणं हे नशीब.

ठाणेकर_बाबा : संध्याकाळी असर उतरताना चिडचिड होते का कोणाची? आमच्याकडे साडेसहाला घरात युद्ध.

मिरपूड : होते. त्या वेळात गृहपाठ काढायचाच नाही. सायकल, नाहीतर अंघोळ.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. आबांना टरफलाचं आधीच सांगून ठेवलंय. रविवारी उशिरा उठला तर गोळीचं काय, असं विचारलं होतं कोणीतरी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) : आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, साडेनऊनंतर उठला तर त्या दिवशी गोळी नको, रात्री झोप उडेल. त्या दिवशी घरात वादळ असतं, आणि भेंडी दोनदा मागून घेतली जाते.