शब्दचर्चा: राजनैतिक शिफारशी अरबीत नेताना कोणतं क्रियापद?

प्रश्न:
अरबीचा सराव म्हणून मी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेतल्या सार्वत्रिक नियतकालिक आढाव्याच्या (यात देश एकमेकांच्या मानवाधिकार स्थितीवर शिफारशी करतात) शिफारशी इंग्रजीतून अरबीत करून पाहतेय. इंग्रजीत प्रत्येक शिफारस क्रियापदाने सुरू होते: रॅटिफाय, कन्सिडर रॅटिफाइंग, कंटिन्यू. अरबीत आज्ञार्थ वापरावा का? शिवाय ठरावांमध्ये रेकमेंड्स, रिक्वेस्ट्स, अर्जेस, कॉल्स अपॉन असे शब्द येतात आणि शब्दकोश प्रत्येकाला चार-चार पर्याय देतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:
आज्ञार्थ अजिबात नको. एका सार्वभौम देशाने दुसऱ्याला ‘कर’ म्हणून सांगितल्यासारखं होतं. अरबीत तिथे मस्दर, म्हणजे क्रियापदापासून केलेलं नाम, वापरतात. मराठी माणसाला हे पटकन उमगावं, कारण आपल्या सरकारी टिपणातही ‘मंजुरी देणे’, ‘कार्यवाही चालू ठेवणे’ असंच लिहितात.

भारताचंच उदाहरण घ्या. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतर करार स्वतःवर बंधनकारक करून घेणं, मात्र झालेलं नाही. त्यामुळे आढाव्यात ही शिफारस भारताला वेगवेगळ्या देशांकडून पुन्हा पुन्हा येते. एखादा देश नुसतं ‘रॅटिफाय’ म्हणतो, तिथे अरबीत ‘अत्-तस्दीक अला’, म्हणजे अनुसमर्थन करणे. दुसरा जरा सांभाळून ‘कन्सिडर रॅटिफाइंग’ म्हणतो, तिथे ‘अन्-नज़र फित्-तस्दीक अला’, म्हणजे अनुसमर्थनाचा विचार करणे. ‘कंटिन्यू’ला ‘मुवासला’. हा ‘कन्सिडर’ मुत्सद्द्यांनी मुद्दाम घातलेला असतो. ज्या देशाला शिफारस केली, तो ती स्वीकारूनही फक्त विचार करायला बांधला जातो. अनुवादात ‘अन्-नज़र फी’ गळलं, की बोलणाऱ्या देशाने जे म्हटलंच नाही ते त्याच्या तोंडी जातं. सगळ्यात जास्त जपायची जागा मला हीच वाटते.

त्यातला ‘फी’ही सोडू नका. ‘नज़र फी’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा विचार करणे, ‘नज़र इला’ म्हणजे तिच्याकडे पाहणे. ‘रगिबा फी’ म्हणजे एखादी गोष्ट हवी असणे, आणि ‘रगिबा अन’ म्हणजे तीच नकोशी होणे! अरबी क्रियापद शब्दयोगी अव्ययासकटच पाठ करावं.

आता ठरावांतली क्रियापदं. सर्वांना एकच ‘तूसी’ लावून चालणार नाही, ‘तूसी’ फक्त रेकमेंड्सला. महासचिवांना काही करायला सांगायचं असतं तेव्हा इंग्रजीत रिक्वेस्ट्स येतं. त्याला ‘तत्लुबु इला’, इथे ‘इला’च. अर्जेसला ‘तहुथ्थु’, कॉल्स अपॉनला ‘तुहीबु बि’ किंवा ‘तद्ऊ’. मसुदा ठरवताना या एकेका शब्दावर प्रतिनिधी तासन्‌तास घासाघीस करतात. इंग्रजीत अर्जेस असेल तर अरबी वाचणाऱ्यालाही तेवढंच वजन जाणवलं पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. ‘तेच तेच क्रियापद कानाला खटकतं’ म्हणून समानार्थी शब्द बदलत राहणं ललित लेखनात शोभतं, ठरावात नाही.

आणखी एक गोष्ट, मराठी लोकांसाठी खास. आपल्याकडे महासभाही स्त्रीलिंगी आणि सुरक्षा परिषदही. अरबीत ‘अल्-जमइय्या अल्-आम्मा’ स्त्रीलिंगी, पण परिषद म्हणजे ‘मजलिस’, ती पुल्लिंगी. म्हणून महासभा ‘तूसी’, ‘तत्लुबु’, पण सुरक्षा परिषद ‘यूसी’, ‘यत्लुबु’. मानवाधिकार परिषदही ‘मजलिस’च, तेव्हा तिच्या ठरावांत ‘य’नेच सुरुवात होणार.

प्रश्नकर्ती:
फारच उपयोगी, मनापासून आभार. करार, इशारा, मुलाहिजा, तलब हे अरबी वळणाचे शब्द मराठीत आहेतच. त्यांचा आधार घेतला तर चालेल?

प्रतिसाद:
धातू ओळखायला घ्या, अर्थ ठरवायला नको. अरबी ‘करार’ म्हणजे महासभेचा ठराव. आपण ज्याला आंतरराष्ट्रीय करार म्हणतो तो तिकडे ‘इत्तिफाकिय्या’ किंवा ‘मुआहदा’. ठरावाहून वेगळा जो निर्णय, इंग्रजीतला डिसिजन, त्याला संयुक्त राष्ट्रांच्या अरबीत ‘मुकर्रर’ म्हणतात. तोही त्याच धातूचा, आणि मराठीतला ‘मुक्रर’ही त्याच घरचा. ‘इशारा’ तर फारच फसवा. ठरावाच्या प्रास्ताविकात जिथे इंग्रजीत रिकॉलिंग येतं, तिथे अरबीत ‘इज़ तुशीरु इला’ असतं. यात धमकीचा लवलेश नाही, आधीच्या ठरावाचा हवाला दिलेला असतो, एवढंच. अशा प्रास्ताविक वाक्यांना सुरुवातीला ‘इज़’ (साधारण ‘...करत असताना’ अशा अर्थाचा शब्द) लागतो, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक प्रतिसाद:
वरच्या चर्चेत ‘टेक्स नोट’ राहिलं. अरबीत ‘तुहीतु इल्मन बि’. त्याचं मराठी करताना बरेच जण ‘दखल घेते’ लिहितात, पण मराठीत दखल घेणं म्हणजे मनावर घेणं, त्यात होकाराची छटा येते. महासभेने २००१ साली ५५/४८८ या निर्णयात स्पष्टच केलं आहे की ‘टेक्स नोट ऑफ’ आणि ‘नोट्स’ हे तटस्थ शब्द आहेत, त्यांतून संमतीही निघत नाही आणि नापसंतीही. आढाव्यात तर यावर बरंच काही अवलंबून असतं. देश काही शिफारशींना पाठिंबा देतो आणि बाकीच्या नुसत्या ‘नोटेड’ राहतात. म्हणजे त्या मान्य केलेल्या नाहीत, हे भाषांतरातही झाकलं जाता कामा नये. मराठीत मी ‘नोंद घेते’ पसंत करेन.

प्रश्नकर्ती:
शेवटचं एक. शुड, मस्ट आणि शॅल यांचं काय?

प्रतिसाद:
शुडला ‘यंबगी’, मस्टला ‘यजिबु’ किंवा ‘यतअय्यनु’. कराराच्या कलमातल्या शॅलला बहुतेक वेळा साधा वर्तमानकाळच पुरतो, वेगळा शब्द लागत नाही. शिफारशींत तुम्हाला मुख्यतः ‘यंबगी’च भेटेल. शंका आली तर संयुक्त राष्ट्रांचा यूएनटर्म हा संज्ञाकोश उघडा. शिवाय एकाच दस्तऐवज क्रमांकाखाली सहाही अधिकृत भाषांतल्या प्रती विनामूल्य मिळतात. अरबी १९७३ पासून महासभेची अधिकृत भाषा आहे, त्यामुळे साहित्याला तोटा नाही. एखादा छोटा ठराव घ्या, इंग्रजी आणि अरबी प्रती शेजारी ठेवा आणि आधी फक्त क्रियापदांखाली रेघा ओढत जा. तुमचे पहिले दोन-तीन परिच्छेद इथे टाकलेत तर आनंदाने पाहीन.