सेंटओएस ७ वर नोड १८ सुरू होत नाही : जीलिबसी २.२८ ची मागणी

प्रश्न (जुना_सर्व्हर) :
आमच्या कार्यालयातील हिशेबाची प्रणाली सेंटओएस ७ (लिनक्सची एक जुनी प्रणाली) वर चालते आणि ती बनवून देणारे आता संपर्कात नसल्यामुळे तूर्त हलवता येत नाही. त्याच यंत्रावर अहवालांसाठी एक नवा प्रोग्राम बसवायचा असून त्याला किमान नोड १८ (जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणारे साधन) लागतो. नोड १६ व्यवस्थित चालत होता. १८ चालवताच मात्र ‘जीलिबसी २.२८ सापडली नाही’ अशा अर्थाची त्रुटी येते. यंत्रावरील जीलिबसीची (बहुतेक प्रोग्रामांना लागणाऱ्या मूळ सी लायब्ररीची) आवृत्ती २.१७ आहे. नवी जीलिबसी स्रोतातून बांधून जुनीच्या जागी ठेवली तर चालेल का? शिवाय यमला (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला) मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेजेसच्या सर्व्हरांच्या यादीचा, पत्ताच सापडत नाही.

उत्तर (टर्मिनलवाला) :
कृपया तसे करू नका. एलएस, सीपी, बॅश यांसारख्या रोजच्या आज्ञा, एवढेच नव्हे तर एसएसएचची (दुरून यंत्रात शिरण्याची) सेवासुद्धा त्याच एका लायब्ररीवर उभी असते. तिची सिमलिंक (खऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) चुकीच्या फाइलकडे वळली की पुढची कोणतीही आज्ञा चालत नाही, आणि चूक सुधारायला लागणारी एलएन ही आज्ञाही त्यातच अडकते. मग रेस्क्यू डिस्क शोधत बसावे लागते. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या प्रणालीवर सहसा चालतो, पण नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेल याची हमी नसते, कारण बांधणीच्या वेळी प्रत्येक फंक्शनसोबत त्याच्या आवृत्तीची खूणही फाइलमध्ये नोंदवली जाते. आपल्याला दिसलेली त्रुटी त्या खुणेचीच आहे.

नोडच्या ‘अनऑफिशियल बिल्ड्स’ या संकेतस्थळावर जीलिबसी २.१७ साठी वेगळ्या बांधलेल्या प्रती मिळतात. त्यातली एक प्रत ऑप्टखाली स्वतंत्र फोल्डरमध्ये उघडून पाहा. प्रणालीच्या फाइलींना हात लावावा लागत नाही.

उत्तर (कर्नल_३१०) :
नुसता नोड सुरू होईल, पण प्रोग्राममध्ये सी++ चे नेटिव्ह मॉड्यूल (यंत्रावरच बांधावा लागणारा भाग) असेल तर खरी अडचण तेव्हा उभी राहील. सेंटओएस ७ चा कंपायलर जीसीसी ४.८.५ आहे आणि नोड १८ ची मॉड्यूल्स बांधताना सी++१७ चा पर्याय दिला जातो, जो हा कंपायलर ओळखतच नाही. त्यासाठी डेव्हटूलसेट (नव्या कंपायलरचा संच) बसवावा लागेल, म्हणजे आधी यम दुरुस्त करणे आले. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि मिररलिस्ट बंद झाली. रेपोच्या (पॅकेजेसच्या स्रोतांच्या) फाइलींमधील मिररलिस्टची ओळ टिप्पणीत टाकून बेसयूआरएल, म्हणजे स्रोताचा पत्ता, व्हॉल्ट या जुन्या पॅकेजेसच्या संग्रहाकडे वळवावा. जुनी पॅकेजेस तिथे आहेत, नवे सुरक्षा सुधार मात्र येणार नाहीत.

माझे मत विचाराल तर पॉडमन (कंटेनर चालवणारे साधन) बसवून अल्मालिनक्स ८ या नव्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये, म्हणजे यजमान प्रणालीपासून वेगळ्या कप्प्यात, नोड चालवावा. त्यात जीलिबसी २.२८ असते, तर कर्नल (प्रणालीचा गाभा) यजमान यंत्राचाच, म्हणजे ३.१० राहतो. थेट अल्मालिनक्स ९ घेण्याचा मोह टाळावा. फार जुन्या प्रोसेसरवर त्याची कंटेनर प्रतिमा (इमेज) एक्स८६-६४-व्ही२ (प्रोसेसरच्या क्षमतेची एक पातळी) नसल्याची तक्रार करून लगेच थांबते.

प्रश्नकर्ता (जुना_सर्व्हर) :
दोघांचेही आभार. प्रोग्राममध्ये पासवर्डसाठी एक नेटिव्ह मॉड्यूल निघाले, म्हणून कंटेनरचा मार्ग घेतला. यम व्हॉल्टवरून चालू झाला, पॉडमन बसला आणि अहवाल निघू लागले. एसईलिनक्स या लिनक्समधील सुरक्षा व्यवस्थेमुळे डेटाच्या फोल्डरला प्रवेश नाकारला जात होता. तो फोल्डर कंटेनरला जोडताना (माउंट करताना) झेड हा पर्याय जोडल्यावर तेही सुटले.

उत्तर (टर्मिनलवाला) :
मोठा झेड लावला असेल तर तो फोल्डर फक्त त्या एका कंटेनरसाठी राखला जातो. दुसऱ्या कंटेनरलाही तोच डेटा द्यायचा झाल्यास छोटा झेड वापरावा. नोड १८ ची मुदतही एप्रिल २०२५ मध्ये संपली आहे, तेव्हा प्रोग्राम चालत असेल तर कंटेनरमध्ये पुढची आवृत्ती घ्यावी.