झिंकच्या गोळ्या, अक्रोड आणि वीर्यतपासणी: आधी काय?

शेवगा_फुलला
मूल होत नाही म्हटलं की बायकोची फाइल सुरू होते. हार्मोन्स, सोनोग्राफी, मग नळ्यांची तपासणी, जिच्यात अनेकींच्या ओटीपोटात जीवघेण्या कळा येतात. नवऱ्याला मात्र आईच्या हातचे उडदाचे लाडू आणि मेडिकलमधून आणलेली झिंक-फॉलिक अॅसिडची बाटली. त्याच्या वीर्यतपासणीचं नाव कुणी काढत नाही. याचा मला मनापासून संताप येतो.

या गोळ्यांवर अमेरिकेत २३७० जोडप्यांची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२० साली आले. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज ५ मिग्रॅ फॉलिक अॅसिड आणि ३० मिग्रॅ झिंक, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. मूल झालं अनुक्रमे ३४ आणि ३५ टक्के जोडप्यांना. शुक्राणूंची संख्या, हालचाल, काहीच सुधारलं नाही. डीएनएची मोडतोड तर खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत थोडी जास्तच निघाली. पोटाच्या तक्रारीही वाढल्या.

माळरान
ताई, ती चाचणी गोळ्यांची होती, जेवणाची नव्हे. कॅलिफोर्नियात ११७ तरुणांपैकी निम्म्यांना १२ आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड दिले, तर त्यांच्या शुक्राणूंची हालचाल आणि आकार दोन्ही सुधारले. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिने ताट सुधारून बघा, मग लॅब गाठा, असं माझं मत आहे. तपासणीच्या नुसत्या नावाने खचणारे पुरुष मी जवळून पाहिलेत. त्यांना ताटापासून तरी सुरुवात करू द्या.

शेवगा_फुलला
दादा, ते सगळे धडधाकट तरुण होते आणि त्यांच्या घरी पाळणा हलला का, हे त्या अभ्यासात पाहिलंच नव्हतं. ज्याची वीर्यनलिकाच बंद आहे, त्याने पोतंभर अक्रोड खाल्ले तरी काय होणार? अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या असतील, म्हणजे व्हॅरिकोसील असेल, तर तेही लाडवांनी उतरत नाही. वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांत तिघांमागे एकाला तरी तो सापडतो.

कृष्णाकाठ
आहारावर एवढं बोलताय, पण जिमचं कुणीच काढलं नाही. बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांना वाटतं, पुरुषत्व वाढतंय. प्रत्यक्षात बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून अंडकोशाला जाणारा हुकूम थांबतो आणि शुक्राणू बनणं जवळजवळ बंद पडतं. डॉक्टरांपुढे हे लपवू नका, कळकळीने सांगतोय. गुटखा, सिगारेट आणि सुटलेलं पोट यांनीही शुक्राणूंचं नुकसान होतं, आधी ते सोडा.

माळरान
कृष्णाकाठ, हे शंभर टक्के पटलं. पण ताई, तीन महिन्यांनी असा काय फरक पडतो?

शेवगा_फुलला
बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर फार पडतो. तेव्हा सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासणीला जावं असं डॉक्टर सांगतात, आणि त्यातले तीन तुम्ही ताटावर घालवणार. नमुना द्यायला दोन ते सात दिवसांचा संयम लागतो, बस. लॅबमध्ये संकोच वाटला तर आधी विचारून घरूनही नेता येतो, फक्त अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोहोचवायचा. रिपोर्ट बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायचीच असते. त्या काळात खा की अक्रोड, माझी ना नाही.