ईजीआर आणि व्हॅक्यूम व्हॉल्व्ह काढतोय – कोणती नळी कुठे बंद करायची?

चौथा_गिअर:
इंजिन १६०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, मल्टिपॉइंट इंजेक्शन, टर्बो नाही. एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) नाही, एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) आहे. गाडी फक्त ट्रॅकवर चालणार. फायरवॉलजवळ एका पट्टीवर तीन सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहेत: ईजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडतो तो), कॅनिस्टर पर्जचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडतो तो) आणि एसी लावल्यावर आयडल (पाय न देता इंजिनाचा वेग) वाढवणारा. शिवाय इनटेक मॅनिफोल्डच्या कूलंटच्या वाटेत स्क्रू केलेला एक थर्मल व्हॉल्व्ह. एसी काढलेला आहे. नळ्या इतक्या कडक झाल्यात की ओढली की तुकडाच हातात येतो. कॅप नक्की कुठे लावायच्या, थर्मल व्हॉल्व्हच्या भोकाचं काय करायचं आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कसं गप्प बसवायचं?

फीलर_गेज:
काही उपसण्याआधी प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकाच नंबरची चिकटपट्टी लावा आणि फोटो काढा. नळी कडक झाली असेल तर ओढू नका, ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या. ओढाओढीत प्लास्टिकचं निपल (नळी बसते ते तोंड) मोडलं की काम चौपट होतं.

आधी काय बंद करायचं नाही ते. ब्रेक बूस्टरची जाड नळी आणि तिच्यातला चेक व्हॉल्व्ह. पीसीव्ही (क्रँककेसमधला गॅस इनटेकमध्ये सोडणारी वाट): ते बुजवलं तर पिस्टनच्या बाजूने खाली उतरलेला गॅस क्रँककेसमध्ये कोंडतो आणि ऑइल सील बाहेर ढकलतो. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी: व्हॅक्यूम असताना आयडलला प्रेशर साधारण २.५ बार असतं, नळी बंद केली की ते ३ बारवरच राहतं आणि इंजिन रिच (पेट्रोल जास्त) चालतं. आणि एमएपी सेन्सरची नळी. तिला कुठलाही टी (फाटा) जोडू नका, ती आखूड आणि एकटीच हवी.

आता कॅप. नळी मॅनिफोल्डच्या तोंडाशी बंद करायची, व्हॉल्व्हच्या टोकाला नाही. व्हॉल्व्हकडे बंद केली तर मधली सगळी जुनी नळी व्हॅक्यूमखालीच राहते आणि उद्या तीच फुटते. साध्या काळ्या रबरी कॅप उष्णतेने लवकर तडकतात. सिलिकॉनच्या घ्या, निपलपेक्षा किंचित लहान मापाच्या, आणि वर छोटा क्लिप लावा. नळीत बोल्ट खुपसून ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते, पण बोल्टच्या आट्यांच्या खाचेतून हवा आत जातेच.

एसीच्या आयडल व्हॉल्व्हला दोन तोंडं असतात. एक थ्रॉटलच्या आधीच्या पाइपला, दुसरं मॅनिफोल्डला. दोन्ही बंद करा. पहिलं उघडं राहिलं तर आयडलला फरक कळणार नाही, पण फिल्टर चुकवून धूळ आत जात राहील.

ईजीआरचा मुख्य व्हॉल्व्ह नीट बंद होणारा आणि स्वच्छ असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी काढली की पुरतं, स्प्रिंग त्याला बंदच ठेवते. कार्बनने अडकून अर्धवट उघडा राहत असेल तर तो काढून प्लेट मारा. प्लेट ३ मिमी स्टीलची, जुन्या गॅस्केटवरून आखून कापलेली, नव्या गॅस्केटसह. एक्झॉस्टच्या बाजूला ॲल्युमिनियम नको, ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि एक्झॉस्टचा गॅस त्याहून तापू शकतो.

थर्मल व्हॉल्व्ह इंजिन पूर्ण थंड असतानाच काढा, कूलंट त्या भोकाच्या पातळीखाली उतरवून. प्लग घेताना जुना व्हॉल्व्ह सोबत न्या. १/८ मापात एनपीटीला (अमेरिकन निमुळते आटे) इंचाला २७ आटे असतात, बीएसपीटीला (ब्रिटिश) २८. चुकीचा प्लग दोन-तीन आटे मजेत जातो, मग ॲल्युमिनियमचे आटे खातो. निमुळत्या प्लगला सीलंट लावा, हाताने घट्ट झाल्यावर दीड-दोन फेरे, बस. प्लग पाचरीसारखा काम करतो, जोर लावलात तर मॅनिफोल्डलाच तडा. नंतर कूलंट भरून एअर काढायला विसरू नका.

ओहम_मीटर:
वायरिंगचं सांगतो. सोपा मार्ग: नळ्या काढा, सोलेनॉइड कनेक्टरला लावूनच ठेवा. कॉइल जिवंत दिसली की ईसीयू सर्किटची तक्रार करत नाही. कनेक्टर उघडा सोडला तर ओबीडी २ गाडीत (जी स्वतःचे दोष कोडने सांगते) ईजीआरसाठी पी०४०३ आणि पर्जसाठी पी०४४३ हे कोड येतात.

सोलेनॉइडच्या जागी रेझिस्टर लावायचाच असेल तर आधी कॉइल मोजा, बहुतेक ३० ते ५० ओहम भरते. ४० ओहमवर १४ व्होल्टला ०.३५ अँपिअर, म्हणजे जवळपास ५ वॉट उष्णता. पाव वॉटचा रेझिस्टर क्षणात जळेल. १० वॉटचा वायरवाउंड घ्या आणि पत्र्यावर बसवा, वायरिंगच्या गठ्ठ्यात नाही. पर्ज व्हॉल्व्ह ईसीयू झटपट चालू-बंद करतो. काही ईसीयू कॉइल बंद होतानाचा व्होल्टेज-झटका तपासतात आणि रेझिस्टरमधून तो येत नाही, तिथे ही युक्ती फसते.

पी०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी) वेगळा. ईजीआर उघडल्यावर मॅनिफोल्डचं प्रेशर बदलतं का, हे एमएपीवरून पाहणारे ईसीयू आहेत. तो कोड फक्त प्रोग्रॅममधूनच जातो. तसंही प्रोग्रॅमला हात लावावाच लागेल: काही इंजिनांत अर्ध्या थ्रॉटलचं स्पार्कचं टायमिंग ईजीआर चालू धरून पुढे ठेवलेलं असतं. ईजीआर गेला की २००० ते ३००० आरपीएमवर, हलक्या लोडला नॉकिंग (इंजिनाची खडखड) ऐकू येतं का ते नीट ऐका.

कार्बन_कॅनिस्टर:
पर्ज काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने पॉवर जात नाही आणि वजन नगण्य. मॅनिफोल्डकडचं तोंड बंद केलं की कॅनिस्टरमधला कोळसा पेट्रोलने भिजतो आणि गाडीला वास येतो. टाकीकडची नळी बुजवली तर आणखी वाईट: उन्हात टाकीत प्रेशर साठतं, पेट्रोल संपत आलं की व्हॅक्यूम होऊन टाकी आत ओढली जाते, पंपही ताणात. काढायचंच असेल तर टाकीला रोलओव्हर व्हॉल्व्हसह (गाडी उलटली तर बंद होणारा) वेगळा व्हेंट द्या, त्याचं तोंड एक्झॉस्टपासून लांब. आणि वाचणाऱ्या इतरांसाठी: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून ईजीआर किंवा पर्ज काढणं अनेक देशांत बेकायदा आहे.

चौथा_गिअर:
पर्ज ठेवला, बाकी सगळं काढलं. चेक लाइट नाही. पण आयडल ११०० आरपीएमवर अडकलंय, आधी ८०० होतं. मिसिंग अजिबात नाही.

फीलर_गेज:
म्हणजे हवा कुठूनतरी आत येतेय. एअरफ्लो मीटरच्या इंजिनात मीटरनंतर शिरलेली हवा मोजली जात नाही, ते लीन (पेट्रोल कमी) होऊन थरथरतं. तुमच्या एमएपीला ती हवा प्रेशरमध्ये दिसते, ईसीयू तिच्या मापाने पेट्रोल देतो, म्हणून इंजिन गुळगुळीत चालून फक्त आयडल चढतं. उरलेल्या नळ्या एकेक करून पक्कडीने हलकेच दाबा, पक्कडीला कापड गुंडाळून. जिला दाबताच आयडल उतरेल तिच्यात चोर आहे. ब्रेकची नळीही तपासायची राहू देऊ नका. कुठलीही नळी दाबून आयडल उतरलं नाही तर कॅप काढून निपल पाहा: ओतीव निपलवर साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ असते आणि कॅपखाली तिच्या कडेने हवा सरकते. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती रेघ घासा, पण घासण्याआधी आतल्या भोकात कापसाचा बोळा घाला. भुकटी मॅनिफोल्डमध्ये जाता कामा नये. बोळा काढा, निपल पुसा, मगच कॅप.