पहिल्या सीटी स्कॅनमध्ये काही नाही, तिसऱ्या दिवशी एवढं मोठं. लकवा मेंदूत पसरतो का?

तासगावचा_पोरगा: आमच्या तात्यांना (चुलते) रविवारी उजव्या बाजूला लकवा मारला, लगेच मिरजेत नेलं. सीटी बघून म्हणाले फार काही दिसत नाही, अडखळत का होईना बोलत पण होते. बुधवारपासून नुसती झोप, हाक मारली की डोळं उघडत्यात परत मिटत्यात, आणि दुसऱ्या सीटीत डावीकडं हा एवढा काळा भाग. भावकी म्हणत्या दवाखान्यातच दुसरा अटॅक आला, लपवत्यात. शीर एकदाच बंद झाली ना, मग नुकसान नंतर कसं वाढलं?

नाईट_ड्युटी: दुसरा अटॅक असेलच असं नाही. गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही, तो सीटी मेन म्हणजे रक्तस्राव नाही ना ते बघायला असतो. मधला भाग मिनिटांत मरतो, पण कडेचा भाग शेजारच्या बारीक शिरांवर तग धरतो, बागेतलं ठिबक चोकलं तरी वेल लगेच वाळत नाही तसं. मग मरणाऱ्या पेशी ग्लुटामेट (मेंदूतलंच निरोप पोचवणारं रसायन) सोडतात, त्यानं शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं आणि त्यापण जातात. वर मेंदूत मिनिटाला २ ते ५ मिलिमीटर सरकणाऱ्या, पेशींचं विजेचं काम बंद पाडणाऱ्या लाटा उठतात, लेआओ नावाच्या ब्राझीलच्या माणसानं १९४४ साली सशांच्या मेंदूत दाखवलेल्या, प्रत्येक लाटेनंतर सावरायला ताकद लागते आणि उपाशी भागात तीच नसते. आणि सूज, ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त, कवटी काय फुगत नाही, मग चांगला भागपण दबतो. झोप बहुतेक त्याचीच.

कृष्णाकाठ: मग ते ग्लुटामेट अडवायचं औषध का देत नाहीत?

नाईट_ड्युटी: उंदरांत चाललं, माणसांत सगळी फेल गेली. खरा उपाय शीर उघडणं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत, तारेनं गुठळी काढणं निवडक पेशंटला २४ तासांपर्यंत. तात्यांचं आता सुजेवर आहे. मिडलाइन (मेंदूची मधली रेघ) सुजेनं सरकली का, न्यूरोसर्जननी बघितलं का, कवटीचा तुकडा काढायची गरज आहे का, हे आजच विचारा, त्या ऑपरेशनला उशीर परवडत नाही.

पलूसवाला: बाईकवरून पडून डोक्याला मार लागला तरी असंच होतं बघा, आमच्यातला एक पोरगा चांगला बोलत होता, रात्री ढासळला.

तासगावचा_पोरगा: राऊंडला विचारतो. घरचे चमच्यानं चहा पाजायला बघत्यात, चालेल का?

नाईट_ड्युटी: अजिबात नको. एवढ्या झोपेत चहा फुफ्फुसात जातो, न्यूमोनिया होईल. नळीतून काय द्यायचं ते सिस्टर बघतील.