मदत हवी आहे: गच्चीवरच्या सोलरमधून घराचे हप्ते निघतील का? (सोलापूर, ४० घरं)

हिशेबनीस_सोलापूर:

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडच्या बाजूला आम्ही चाळीस कुटुंबं मिळून गृहनिर्माण संस्था काढतोय. निम्म्याहून जास्त यंत्रमागावरचे कामगार, बाकी विड्या वळणाऱ्या बाया, काही रिक्षावाले. जागेचं नक्की झालंय. पंतप्रधान आवास योजनेतून घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख धरले, तरी प्रत्येकाच्या डोक्यावर पाचेक लाखांचं कर्ज बसतंय.

सोलापूरला कामगारांच्या घरांचं नवल नाही. कुंभारीत विडी कामगारांची दहा हजार घरं झाली, मग रे नगर झालं, जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या १५ हजार घरांचं वाटप झालं. पण त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांची कैक वर्षांची चळवळ होती. आम्ही आपले चाळीस जण.

मागच्या बैठकीत एक सोलरवाला येऊन सांगून गेला, की गच्चीवर पॅनेल टाका, वीज विका, घराचे हप्ते त्यातूनच फिटतील. टाळ्या पडल्या. वही माझ्याकडे असते, म्हणून घरी येऊन आकडे मांडले, तर काही जुळेना.

गच्ची चार हजार चौरस फूट. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली, सावली आणि कपडे वाळत घालायची जागा (बायांनी ही अट आधीच घातलीय) सोडली तर २० किलोवॅट बसतील. किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरली, तर महिन्याला २,४००. सढळ हातानं युनिटला आठ रुपये लावले तरी १९,२०० रुपये. चाळीस घरांत वाटले की घरटी ४८०. आणि हप्ता? पाच लाख, ९ टक्के व्याज, वीस वर्षं, म्हणजे साडेचार हजार. यात पॅनेलचा खर्च अजून धरलेलाच नाही.

त्यात आमच्यातल्या बहुतेकांचं बिल १०० युनिटांच्या आतलं, सगळ्यात स्वस्त स्लॅबचं. तिथं एक युनिट वाचवून आठ रुपये कुठून वाचणार?

माझं कुठं चुकतंय का? संस्थेच्या मीटरवर तयार झालेली वीज सभासदांच्या बिलांत वाटता येते का? सोलरवाल्याचा दुसरा प्रस्ताव असा, की पैसा तो घालणार, गच्ची २५ वर्षं त्याच्याकडे, आम्हाला स्वस्त वीज. मधेच स्लॅब गळायला लागला तर पॅनेल उचलायचा खर्च कोणाचा, यावर तो हसला फक्त.

गच्चीवरचा_माणूस:

गणित बरोबर आहे तुमचं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण ते सामाईक वापरासाठी: पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट, गाड्यांचं चार्जिंग. नेट मीटरिंगमध्ये (म्हणजे आपण दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते) जास्तीची युनिटं पुढच्या बिलात जमा होतात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी जी उरतात त्यांना फार कमी दर मिळतो. म्हणून वीज विकायच्या आशेनं २० किलोवॅट टाकू नका. सामाईक बिल ६०० युनिटांचं येणार असेल तर पाच किलोवॅट पुरे.

हप्ते निघणार नाहीत, देखभालीचा खर्च मात्र बराच हलका होईल. गरिबांच्या सोसायट्या कर्जानं कमी आणि थकलेल्या मेंटेनन्सनं जास्त मोडतात. पंपाचं बिल थकलं की पाणी बंद, आणि मग भांडणं.

एका मीटरची वीज चाळीस बिलांत वाटायला व्हर्च्युअल नेट मीटरिंग लागतं. महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

वीजबिल_मावशी:

मी थोडी वेगळी बाजू मांडते. स्वतंत्र घरगुती ग्राहकाला केंद्राचे किलोवॅटमागे ३०,००० मिळतात दोन किलोवॅटपर्यंत, तीन किंवा जास्त असेल तर एकूण ७८,०००. १०० युनिटांच्या आतल्या घरांना राज्य सरकार वर आपली भर घालतं. पण तुमच्या गच्चीत घरटी अर्धाच किलोवॅट येतो. नकाशा अजून मंजूर झाला नसेल तर आर्किटेक्टला बैठी किंवा एकमजली घरं बसतात का विचारा. छप्पर ज्याचं त्याचं असलं की वादच नको.

२५ वर्षांच्या करारावर मात्र इतक्यात सही करू नका, दादा. गळतीचं, पॅनेल उतरवण्याचं आणि कंपनी बुडाली तर काय याचं कलम घालून घ्या. नाही घालत म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

माळावरचा:

कपड्यांचं सोपं आहे. आठ फूट उंच सांगाडा उभारा, वर पॅनेल, खाली दोऱ्या. उन्हाळ्यात खाली सावलीही होते. धुळीचं बघा पण. आपल्याकडे नळाला पाणी कधी चार तर कधी पाच दिवसांनी, त्यात पॅनेल धुवायला कोण देणार? कोरड्या मऊ ब्रशनं पहाटे झाडायचं, काच तापल्यावर पाणी अजिबात टाकायचं नाही.

हिशेबनीस_सोलापूर:

सगळ्यांचे आभार. नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही, त्यामुळे मावशींचं म्हणणं रविवारच्या बैठकीत ठेवतो. बैठ्या घरांना जागा पुरणार नाही असं वाटतंय, तरी विचारतो. सध्या पाच किलोवॅट आणि उंच सांगाडा धरून चाललोय. असा सांगाडा कोणी उभारला असेल तर साध्यापेक्षा किलोवॅटमागे किती जास्त पडले आणि वाऱ्यासाठी पाया कसा घेतला, तेवढं सांगा.