सिमच्या राउटरवर डीडीएनएस: नाद सोडावा की आयपीव्ही६वर निभवावं?

तारयंत्री
शेतघरात सिमचा ४जी राउटर, त्यामागे डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), आणि बाहेरून बघायला डीडीएनएसचं (बदलत्या आयपी पत्त्याला एकच कायम नाव देणारी सेवा) नाव. हे लागलं नाही की लोक डक-डीएनएस ही सेवा सोडून नो-आयपी घेतात, मग पासवर्ड बदलतात, मग राउटरच रीसेट करतात. बहुतेक वेळा डीडीएनएसचा दोषच नसतो, म्हणून सेवा बदलून काही साधत नाही.

आधी दोन आकडे शेजारी ठेवा: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता), आणि त्याच वायफायवरून (व्हीपीएन बंद करून) 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवरचा. सारखे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या यंत्राकडे वळवणं) तपासा. वेगळे असतील आणि वॅनचा १०. ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ मध्ये बसत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात. १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. सीजीनॅटमध्ये बाहेरचा एक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. त्यावर ८००० पोर्टची विनंती आली, तर ती कोणाकडे द्यायची याची नोंद सीजीनॅटकडे नसते. विनंती तिथेच टाकली जाते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

गोंधळ वाढतो तो यामुळे, की डीडीएनएसचा क्लायंट (पत्ता नोंदवणारा प्रोग्राम) 'गुड' दाखवतो आणि डीडीएनएसच्या नावाला पिंगही लागू शकतो. ते उत्तर कंपनीच्या यंत्राचं असतं, तुमच्या घरचं नव्हे. माझं मत: सिमवर डीडीएनएस सोडा, आतून बाहेर जाणारं टनेल (घरच्या यंत्राने स्वतः बाहेरच्या सर्व्हरशी उघडलेली वाट) घ्या.

सह्यकडा
निदान मान्य, निष्कर्ष नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून आपल्याकडे सिमवर आयपीव्ही६ (खूप जास्त पत्ते असलेली नवी आयपी पद्धत) सर्रास मिळतो, आणि तिथे पत्ता वाटून घ्यावा लागत नाही. राउटरच्या एपीएनमध्ये (सिमच्या इंटरनेट जोडणीचं सेटिंग) पीडीपी टाइप 'आयपीव्ही४व्ही६' करून राउटर परत चालू करा. नेटवर्क एक /६४ (पुढचे ६४ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा गट) देतं, त्यातून घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो.

चूक होते ती पुढे. राउटरमधला डीडीएनएस राउटरचाच पत्ता नोंदवतो, आपल्याला हवा असतो मागच्या यंत्राचा. म्हणून अपडेट त्या यंत्रावरूनच पाठवा. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) असेल तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) दर ५ मिनिटांनी. डक-डीएनएस आयपीव्ही६ आपणहून ओळखत नाही, अपडेटच्या दुव्यात तो लिहून द्यावा लागतो. 'टेम्पररी' असा शेरा असलेला पत्ता मात्र उचलू नका, तो साधारण रोज बदलतो.

घरचं चित्रण परक्या कंपनीच्या टनेलमधून का न्यायचं, हा माझा खरा आक्षेप आहे.

खटपट्या
@सह्यकडा, स्वस्त ४जी राउटरात एका यंत्राचं एकच पोर्ट आयपीव्ही६वर मोकळं करायची सोय बहुधा नसते. फायरवॉल एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. कृपा करून बंद करू नका, घरातली सगळी यंत्रं उघडी पडतात. शिवाय जुने डीव्हीआर फक्त आयपीव्ही४ जाणतात. आणि बघणाऱ्याच्या ऑफिसात आयपीव्ही६ नसेल तर एएएए नोंद (नावापुढे लिहिलेला आयपीव्ही६ पत्ता) असून नसल्यासारखी. काही नेटवर्कं तर आत येणारा आयपीव्ही६ही अडवतात.

तपासताना घरचं वायफाय वापरू नका. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून, मोबाइल डेटावर बघा.

सह्यकडा
फायरवॉलबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणून डीव्हीआर थेट उघडायचाच नाही. पायवर वायरगार्ड (व्हीपीएनचा प्रोग्राम), मोकळं फक्त यूडीपी ५१८२०. पाय आयपीव्ही६वर ऐकेल आणि आतल्या डीव्हीआरशी आयपीव्ही४वर बोलेल, त्यामुळे जुन्या डीव्हीआरचा प्रश्न सुटला. राउटर ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) घ्या. सिम नव्याने जोडलं गेलं की पत्त्याचा पुढचा भाग बदलतो, म्हणून फायरवॉलच्या नियमात फक्त मागचे ६४ बिट लिहायचे, शेवटी '/-६४' देऊन. पायवर तो मागचा भाग टोकन देऊन पक्का करा, नाहीतर लिनक्स नव्या पुढच्या भागाबरोबर मागचाही बदलू शकतं आणि नियम लागू होत नाही.

तारयंत्री
वायरगार्ड आणलंत तर दिशाच उलटी करा. वायरगार्ड डीडीएनएसच्या नावाचा आयपी सुरू होताना एकदाच विचारतं. घरचा पत्ता बदलला की फोन जुन्याच पत्त्याला धडका देत राहतो, डीडीएनएस कितीही ताजं असलं तरी. त्यापेक्षा कायम आयपीचा लहानसा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घ्या. घरचा पाय त्याच्याशी आपणहून जोडेल, 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा म्हणजे सीजीनॅटमधली वाट मिटत नाही. चित्र मध्येच थबकलं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १२८० करून बघा. सर्व्हर तुमचा, चाव्या तुमच्या, त्यामुळे परक्या कंपनीचा आक्षेपही उरत नाही.

सह्यकडा
उरतं ते दरमहा भाडं, आणि सगळं चित्रण व्हीपीएसवरून फिरून येतं. जुन्या पत्त्याचं म्हणाल तर वायरगार्डच्या साधनांसोबत 'रीरिझॉल्व्ह-डीएनएस' नावाची स्क्रिप्ट येते. लिनक्स लॅपटॉपवर ती टायमरने दर ३० सेकंदांनी चालवा. फोनवर टनेल बंद करून चालू केलं की नाव पुन्हा विचारलं जातं. ज्याच्या दोन्ही टोकांना आयपीव्ही६ आहे, त्याने भाडं भरायच्या आधी हे करून पाहावं.

खटपट्या
आणि बघणाऱ्याकडे आयपीव्ही६ नसेल, तर थेट व्हीपीएस.